मुकुट नवा, नायक तोच

१८ नोव्हेंबर २०१७ रोजी चीनमधील सान्या या शहरात मानुषी छिल्लर हिच्या मस्तकावर ‘मिस वर्ल्ड’चा मुकुट चढला. सतरा वर्षांच्या खंडानंतर हा मुकुट भारतात आला होता. मानुषी मूळची हरियाणाची. वडील संरक्षण संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ, आई डॉक्टर आणि ती स्वतः सोनीपत जिल्ह्यातील शासकीय महाविद्यालयात वैद्यकीय शिक्षण घेत असलेली. जगात सर्वाधिक वेतन कोणत्या व्यवसायाला मिळावे, असा प्रश्न अंतिम फेरीत तिला विचारण्यात आला. तिने आईचे नाव घेतले. मोबदला केवळ रोख रकमेत मोजायचा नसतो, तो प्रेमात आणि आदरातही असतो, असा तिच्या उत्तराचा आशय होता. एरवी सौंदर्यस्पर्धांच्या नावाने नाक मुरडणाऱ्या घरांतही त्या उत्तराचे कौतुक झाले. ‘मुलगी संस्कारी आहे हो!’ असे म्हणून आजीबाईंनीही दूरदर्शन संचासमोर मान डोलावली.

त्यानंतर साडेचार वर्षांनी, ३ जून २०२२ रोजी, हीच मानुषी ‘सम्राट पृथ्वीराज’ या चित्रपटात कनौजची राजकन्या संयोगिता म्हणून पडद्यावर आली. तिचा हा पहिलाच चित्रपट. यशराज फिल्म्ससारखी बलाढ्य निर्मितीसंस्था, डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदी यांच्यासारखा व्यासंगी दिग्दर्शक आणि अक्षयकुमारसारखा लोकप्रिय नायक, असा सगळा जामानिमा होता. केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी प्रदर्शनापूर्वीच तो पाहिला. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि उत्तराखंड या राज्यांनी तो करमुक्त केला. तरीही चित्रपटगृहे रिकामी राहिली आणि चित्रपट सपशेल कोसळला.

हे अपयश केवळ एका निर्मात्याच्या खतावणीतले असते, तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. तथापि भारताच्या इतिहासातील एक दाहक पर्व पडद्यावर मांडण्याची जी संधी अनेक वर्षांनी आली होती, ती वाया गेली. म्हणून काही प्रश्न विचारणे प्राप्त आहे. ज्या भूमिकेला स्वाभिमान, प्रेम आणि सर्वनाश असा तिहेरी भार पेलायचा होता, ती भूमिका पहिल्या पदार्पणासाठी राखून ठेवावी, असे कोणाला आणि का वाटले? आणि मुकुट हेच अभिनयाचे प्रमाणपत्र, हा समज आपल्या चित्रसृष्टीत आणि आपल्या घरांतही इतका घट्ट कसा रुजला?

सहा मुकुटांचा हिशेब

या समजाचे मूळ १९९० च्या दशकात आहे. १९९१ मध्ये अर्थव्यवस्थेची दारे उघडली. बहुराष्ट्रीय प्रसाधन कंपन्यांना भारतातील मध्यमवर्ग ही नवी बाजारपेठ दिसू लागली. उपग्रह वाहिन्या घराघरांत शिरल्या. नेमक्या याच काळात, १९९४ मध्ये, सुष्मिता सेन ‘मिस युनिव्हर्स’ आणि ऐश्वर्या राय ‘मिस वर्ल्ड’ झाली. पुढे १९९७ मध्ये डायना हेडन, १९९९ मध्ये युक्ता मुखी आणि २००० मध्ये लारा दत्ता व प्रियंका चोप्रा. अवघ्या सात वर्षांत सहा जागतिक मुकुट! भारतीय स्त्री त्याआधी कुरूप होती आणि उदारीकरणानंतर अचानक सुंदर झाली, असे तर कोणी म्हणणार नाही. सौंदर्य तेच होते, त्याला गिऱ्हाईक नवे मिळाले होते.

१९९६ मध्ये ‘मिस वर्ल्ड’ स्पर्धाच बंगळुरूला भरली. तिला विरोध झाला आणि तो केवळ एका विचारसरणीचा नव्हता. राष्ट्रवादी संघटनांबरोबरच डाव्या महिला संघटना आणि शेतकऱ्यांच्या चळवळीतील मंडळीही रस्त्यावर उतरली होती. पोहण्याच्या पोशाखाची फेरी अखेर सेशेल्स बेटांवर हलवावी लागली. पुढे २०१५ पासून आयोजकांनी ती फेरीच स्पर्धेतून वगळली. त्या काळी ज्या गोष्टीवर सर्वाधिक वाद झाला, ती गोष्ट अशा रीतीने संपली. व्यवहार मात्र संपला नाही. विरोधकांचे सारे लक्ष वस्त्रांकडे राहिले आणि करारपत्राकडे कोणीच पाहिले नाही. विजेतीचे पुढील वर्ष आयोजकांच्या कराराने बांधलेले असते, तिच्या चेहऱ्यावर प्रसाधने, दागिने, शीतपेये यांची जाहिरात होत असते आणि ते वर्ष संपता संपता चित्रपटाचे दार तिच्यासाठी उघडे ठेवलेले असते. मॉडेलिंग, मुकुट आणि चित्रपट अशी ही तीन पायऱ्यांची शिडी त्या सात वर्षांत पक्की झाली.

आता या शिडीवरून वर गेलेल्यांचा हिशेब मांडावा. डायना हेडन आणि युक्ता मुखी यांचा चित्रपटांत जम बसला नाही. सुष्मिता आणि लारा यांनी लक्षात राहतील अशा भूमिका केल्या, पण मुकुटाच्या वेळी वर्तवलेली भाकिते खरी ठरली नाहीत. टिकून राहिल्या आणि वाढल्या त्या प्रामुख्याने दोघी, ऐश्वर्या आणि प्रियंका. त्याही मुकुटाच्या बळावर नव्हे!

ऐश्वर्याचे उदाहरण बोलके आहे. मुंबईत वाढलेली, रुपारेल महाविद्यालयात शिकलेली, वास्तुशास्त्राचा अभ्यास अर्धवट सोडून मॉडेलिंगकडे वळलेली ही मुलगी १९९३ च्या एका शीतपेयाच्या जाहिरातीतील काही क्षणांनी देशभर ओळखीची झाली. मुकुटानंतर तीन वर्षांनी, १९९७ मध्ये, मणिरत्नम यांच्या ‘इरुवर’ या तमिळ चित्रपटातून तिने पदार्पण केले. त्यात तिच्या तोंडी असलेला आवाज तिचा नव्हता, कारण ती भाषाच तिची नव्हती. त्याच वर्षीचा तिचा पहिला हिंदी चित्रपट ‘और प्यार हो गया’ पडला. ‘हम दिल दे चुके सनम’ने तिला अभिनेत्री म्हणून मान्यता मिळाली ती १९९९ मध्ये, म्हणजे मुकुटानंतर पाच वर्षांनी. एका कसबी दिग्दर्शकाच्या हाताखाली घासूनपुसून निघाल्यावर ते घडले. ऋतुपर्ण घोष यांच्या ‘रेनकोट’ (२००४) मध्ये तर तिच्या सौंदर्याचा सगळा साज उतरवण्यात आला आणि एका कोंदट खोलीतील मलूल गृहिणी तिने उभी केली. तेव्हा कुठे जाहिरातीतील चेहरा पुसला गेला आणि बाई दिसली.

प्रियंकाचा प्रवास याहून कष्टाचा. मुकुट २००० सालचा. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो २००८ च्या ‘फॅशन’साठी. गंमत अशी, की त्या चित्रपटात तिने एका मॉडेलचीच भूमिका केली होती. छोट्या शहरातून मुंबईला आलेली, झगमगाटात हरवलेली आणि स्वतःला पुन्हा सावरणारी मॉडेल. स्वतः ज्या जगातून आली, ते जग अभिनयातून उभे करण्याइतकी ताकद कमवायला तिला आठ वर्षे लागली. मुकुट हा अभिनयाचा दाखला असता, तर ही आठ वर्षे कशासाठी लागली असती?

पाहिली जाणारी आणि पाहणारी

मॉडेलिंग हे काम सोपे आहे, असे समजणे अज्ञानाचे ठरेल. प्रकाशाचा झोत कोठून येतो, मान किती वळवली म्हणजे गालावर सावली पडत नाही, वस्त्राची घडी चालताना कशी दिसते, याचे भान मॉडेलला असावे लागते. उपाशीपोटी, तापलेल्या दिव्यांखाली, तासन्‌तास एकच हास्य टिकवणे हेही श्रमच आहेत. ही विद्या चित्रपटात उपयोगीही पडते. झीनत अमानपासून दीपिका पदुकोणपर्यंत अनेकींना कॅमेऱ्यासमोर अवघडलेपण जाणवले नाही, ते यामुळेच.

परंतु या विद्येची सीमाही स्पष्ट आहे. जाहिरातीचा जीव अर्ध्या मिनिटाचा. त्यात मॉडेलला पाहिले जाते. चित्रपटात मात्र नटीला पाहावे लागते. समोरच्या पात्राकडे पाहणे, त्याचे ऐकणे, ऐकताना बदलत जाणे आणि मग बोलणे, हा अभिनयाचा गाभा आहे. रॅम्पवर समोर पात्रच नसते. तेथे समोर असतात ते प्रेक्षक आणि छायाचित्रकार. वस्तू उठून दिसावी म्हणून मॉडेलने स्वतःचा स्वभाव मागे ठेवायचा असतो, तर नटीला परक्याचा स्वभाव अंगी मुरवून घ्यायचा असतो. दोन्ही कामांत कॅमेरा तोच असला, तरी कामे एक नव्हेत.

आणि भाषेचे काय? दीपिकाने २००७ मध्ये ‘ओम शांति ओम’मधून हिंदीत पदार्पण केले आणि पदार्पणाचा ‘फिल्मफेअर’ पुरस्कार पटकावला. त्या चित्रपटात तिच्या तोंडचा आवाज मोना घोष शेट्टी यांचा होता. २०११ च्या ‘रॉकस्टार’मध्ये मॉडेल नर्गिस फाखरीलाही त्यांनीच आवाज दिला. अभिनयाचा निम्मा भाग दुसऱ्या स्त्रीच्या कंठातून यायचा आणि बक्षीस चेहऱ्याला मिळायचे, हा कोणता न्याय? दीपिकाचे श्रेय असे, की ती तेथे थांबली नाही. स्वतःच्या आवाजात बोलायला लागून ती ‘पिकू’पर्यंत (२०१५) पोहोचली. पण किती जणींना ती मुदत मिळते?

रंगभूमीची परंपरा असलेल्या महाराष्ट्राला तरी हे सांगायला नको. पुण्याच्या रोहिणी हट्टंगडी राष्ट्रीय नाट्य विद्यालयात शिकल्या, नाटके केली आणि मग रिचर्ड ॲटनबरो यांच्या ‘गांधी’ (१९८२) मध्ये कस्तुरबा झाल्या. स्वतः तिशीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी कस्तुरबांचे वार्धक्य उभे केले आणि ब्रिटनचा ‘बाफ्टा’ पुरस्कार मिळवला. इतिहासातील स्त्री साकारायला काय लागते, याचे हे उत्तर आहे.

एकोणीस वर्षे आणि एक नायक

या व्यवहारातील सर्वांत मोठी विसंगती मात्र मॉडेलमध्ये नाही. २००० सालच्या दोन्ही विजेत्या, लारा दत्ता आणि प्रियंका चोप्रा, २००३ मध्ये ‘अंदाज’ या चित्रपटात एकत्र झळकल्या. त्यांचा नायक होता अक्षयकुमार. त्या वेळी त्याचे वय पस्तीस. मानुषी तेव्हा सहा वर्षांची होती. एकोणीस वर्षांनी तीच मुलगी पंचवीस वर्षांची होऊन, नवा मुकुट घेऊन पडद्यावर आली. तेव्हा तिचा नायक कोण होता? तोच अक्षयकुमार, वय चोपन्न!

सगळे मर्म या एका तुलनेत आहे. नायक कायम आणि मुकुट बदलता. चित्रपटाच्या धंद्यात नायक हे भांडवल समजले जाते आणि नायिका हा हंगामी माल. भांडवल जपायचे असते, माल बदलायचा असतो. म्हणूनच तिला शिकवण्यावर वेळ घालवायला कोणी तयार नसते. ती शिकून तयार होईपर्यंत पुढच्या वर्षीचा मुकुट आलेला असतो. ज्या मंडळींना या शिडीत ‘स्त्रीमुक्ती’ दिसते, त्यांनी या एकोणीस वर्षांचे उत्तर द्यावे. आणि ज्यांना तीत केवळ ‘स्त्रीचे अधःपतन’ दिसते, त्यांनीही द्यावे. कारण दोघेही बोट दाखवतात ते मुलीकडे. तिला उभी करणारा, तिची किंमत ठरवणारा आणि तिला बाजूला सारणारा व्यवहार दोघांच्याही दृष्टीआड राहतो.

मानुषीच्या पुढील वाटचालीतही हेच दिसते. २०२३ मध्ये ‘द ग्रेट इंडियन फॅमिली’, २०२४ मध्ये ‘ऑपरेशन व्हॅलेंटाइन’ आणि ‘बडे मियां छोटे मियां’. मोठे नायक, मोठा खर्च आणि पदरी अपयश. वैद्यकाचा अभ्यासक्रम मिळवण्याइतकी बुद्धी आणि कुचिपुडी नृत्याची तालीम गाठीशी असलेल्या मुलीच्या वाट्याला तिच्या वकुबाची परीक्षा पाहणाऱ्या किती भूमिका आल्या? २०२१ ची ‘मिस युनिव्हर्स’ हरनाझ संधू २०२५ मध्ये ‘बागी ४’ या मारधाडपटातून हिंदीत आली. शिडी जुनीच आहे, चढणारी तेवढी नवी.

काशीबाई आणि संयोगिता

‘सम्राट पृथ्वीराज’ पडल्यावर काहींनी सोयीचा निष्कर्ष काढला, की प्रेक्षकांना राष्ट्रीय विषय नको आहेत. हा निष्कर्ष साफ खोटा आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये आलेल्या ‘द काश्मीर फाइल्स’ला लोकांनी डोक्यावर घेतले. त्यात अनुपम खेर होते, पल्लवी जोशी होत्या. एक राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचे विद्यार्थी, दुसऱ्या बालपणापासून अभिनय करणाऱ्या. आणि ज्या ३ जूनला ‘सम्राट पृथ्वीराज’ लागला, त्याच दिवशी २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यात हुतात्मा झालेल्या संदीप उन्नीकृष्णन यांच्या जीवनावरील ‘मेजर’ही लागला. तो तेलुगू आणि हिंदीत चालला. त्यात हिंदी प्रेक्षकांना ठाऊक असलेला बडा नायक नव्हता. प्रेक्षकाने राष्ट्र नाकारले नाही. त्याने बेगड नाकारले.

खेदाची बाब अशी, की हे द्विवेदी यांच्याकडून घडावे. १९९१ मध्ये दूरदर्शनवर आलेली त्यांची ‘चाणक्य’ मालिका ज्यांनी पाहिली, त्यांना तिची वेशभूषा, तिची संस्कृतप्रचुर भाषा आणि संवाद पेलणारे नट आजही आठवतील. स्वतः द्विवेदी चाणक्य झाले होते आणि पुढे जगप्रसिद्ध झालेला इरफान खान तेथे एका सेनानीच्या भूमिकेत होता. नावे मोठी नव्हती, तयारी मोठी होती. फाळणीवरील त्यांच्या ‘पिंजर’ (२००३) मध्ये पुरो ही नायिका ऊर्मिला मातोंडकरने केली. तीही बालकलाकार म्हणून वाढलेली आणि अनेक वर्षे टक्केटोणपे खाल्लेली अभिनेत्री. तिचे पुढचे राजकारण कोणते, हा येथे प्रश्न नाही. पुरोचे दुःख तिने खरे केले, हे मान्य करावेच लागेल. मग तोच दिग्दर्शक जेव्हा सम्राटावर कोट्यवधींचा चित्रपट करतो, तेव्हा कसदार नटांऐवजी बाजारातले चलनी चेहरे का येतात? याचे उत्तर कोट्यवधी या शब्दातच आहे. रक्कम वाढली, की निवड दिग्दर्शकाच्या हातून निसटते आणि बाजाराच्या हाती जाते.

याउलट ‘बाजीराव मस्तानी’ (२०१५) आठवावा. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’वर आधारलेल्या त्या चित्रपटातील ‘पिंगा’ नृत्यावर महाराष्ट्रात आक्षेप घेतला गेला आणि तो रास्त होता. पेशव्यांच्या घरातील स्त्री अशी नाचली असती, हे मराठी मनाला पटणे शक्यच नव्हते. पण तो आक्षेप बाजूला ठेवून पाहिले, तर काशीबाईंचे मूक अपमानित दुःख, पतीसमोर मान ताठ ठेवून केलेला निरोप आणि मराठी वळणाचे हिंदी बोलणे प्रियंकाने ज्या संयमाने साकारले, ते पुण्यातल्या कडव्या प्रेक्षकालाही भिडले. काशीबाई साकारणारी ‘मिस वर्ल्ड’ होती आणि संयोगिता साकारणारीही ‘मिस वर्ल्ड’च. फरक एवढाच, की एकीने हिंदी चित्रपटांत बारा वर्षे घाम गाळल्यावर इतिहासाला हात घातला आणि दुसरीला पहिल्याच दिवशी इतिहासाच्या सिंहासनावर बसवण्यात आले. दोष सिंहासनावर बसलेल्या मुलीचा की बसवणाऱ्यांचा?

कर माफ होतो, कस माफ होत नाही

येथे राष्ट्रीय विचाराच्या प्रेक्षकानेही अंतर्मुख व्हायला हवे. विषय आपला आहे म्हणून चित्रपट चांगलाच असणार, अशी एक भाबडी समजूत वाढत चालली आहे. तिकिटे घाऊक घेतली जातात, करमुक्तीच्या मागण्या होतात आणि टीका करणारा शत्रुपक्षातला ठरतो. चतुर निर्मात्याला हेच हवे असते. भगवा ध्वज फडकवला, शंख फुंकला, की पटकथेची मेहनत वाचते आणि नटांच्या तालमीचा खर्चही वाचतो, हा हिशेब तो मनातल्या मनात करतो. शासन कर माफ करू शकते, कलेचा कस माफ करू शकत नाही. ज्या समाजाला आपल्या पूर्वजांचा अभिमान आहे, त्याने त्यांच्या भूमिकांसाठी सर्वोत्तम नट मागितले पाहिजेत, सर्वाधिक छायाचित्रे छापून येणारे नव्हेत.

आणि घराघरांतून? आजही मुलीच्या छायाचित्रांचा पोर्टफोलिओ तयार करण्यासाठी आईवडील पदरमोड करतात. मुलीला मॉडेल व्हायचे असेल, तर तिला अडवून उपयोग नाही आणि तिची लाज वाटण्याचेही कारण नाही. पण पोर्टफोलिओआधी तिच्या हाती एखादे नाटक द्यावे. एका तरी हौशी संस्थेत तिने तालमीला बसावे, पडदा ओढावा, दुसऱ्याचे संवाद पाठ करावेत, स्वतःचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचवायला शिकावे. करारावर सही करण्यापूर्वी तो वकिलाकडून वाचून घ्यावा आणि शिक्षण अर्ध्यावर सोडू नये. चेहऱ्याची मुदत बाजार ठरवतो. विद्येची मुदत बाजाराला ठरवता येत नाही.

आईच्या कामाचा मोबदला आदरात असतो, असे मानुषीने २०१७ मध्ये जगाला सांगितले आणि आपण सर्वांनी टाळ्या वाजवल्या. तो आदर अभिनय करू पाहणाऱ्या मुलीच्या वाट्याला कधी येणार? तिला शिकायला अवधी देणे, तिच्याकडून काम मागणे आणि ते काम खऱ्या निकषांवर तोलणे, हाच तो आदर. टाळ्या मुकुटासाठी वाजवून झाल्या. आता त्या कामासाठी राखून ठेवाव्यात.